पंचनाम्यातलं खोपट

फुकट मिळालेल्या कागदाची आधी मागची बाजू वाचायची, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. माझे वडील पलूसमधल्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते. संपाची, धरणग्रस्तांची, पाण्याच्या हक्काची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं तिथं छापली जात आणि उरलेली आमच्या घरी येत. भाकरी त्यात गुंडाळल्या जायच्या, फळ्यांवर तीच अंथरलेली असायची. मी अक्षरं लावायला शिकले तीही गुलाबी कागदावरच्या ‘बंधूंनो आणि भगिनींनो’वरून. वडील म्हणायचे, “पुढची बाजू सगळेच वाचतात. खोट मागं असती.” आजही कुणी काही द्यायला पुढं आलं की माझा हात आधी कागद उलटा करतो.

या सवयीनं मला एकदा शाबासकी मिळवून दिली आणि एकदा तोंडावर आपटवलं. दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं माझी थोरली मावशी होती. तिला साताऱ्याच्या डोंगरात, पाटणच्या वरच्या अंगाला, आठ उंबऱ्यांच्या एका वाडीत दिलेली. काका वारलेले, एकुलता मुलगा फौजेत, कुठंतरी बर्फात. एरवी फोनवर ओरडून बोलणारी मावशी त्या दिवशी हळू बोलत होती.

“वणवा आला गं. समदं गेलं बघ. म्या हाय. म्हस बी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं कराड गाठलं आणि तिथून पुढं. वडिलांनी पिशवीत कपड्यांबरोबर कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणि मार्कर टाकला. आमच्या घरात संकटाला असंच सामोरं जातात.

वाडीतल्या सगळ्यांना पायथ्याच्या गावातल्या मंगल कार्यालयात उतरवलं होतं. शाळेत दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून तिथं जागा नव्हती. कार्यालयाच्या स्टेजवर प्लॅस्टिकच्या फुलांची कमान तशीच होती आणि तिच्याखाली नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या. त्यांतल्या एका खुर्चीवर वाडीतले निवृत्त सुभेदार वही घेऊन बसले होते आणि माणसं मोजत होते. सकाळ-संध्याकाळ ‘गिनती’ झाल्याशिवाय ते कुणाला जेवू देत नसत.

“तुमची गिनती कशात धरायची?” त्यांनी मला विचारलं. “बाधित का पाव्हणे?”

“मदतीला आलेय.”

“मदत करणारे लय हायती. त्यांची वही येगळी.”

मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. तिचा उजवा तळपाय भाजला होता. धावताना चप्पल वितळून पायाला चिकटली होती.

“खालच्या रानातनं धूर दिसला तवा वाटलं, कोनतरी गवत भाजतंय,” ती सांगू लागली. “मग वारं फिरलं. इळा घेतला, दावं तोडलं, म्हशीला हाणलं खाली आन् तिच्या मागनं म्या. वळून बघितलं तवा कौलं फुटत हुती, लाह्या फुटत्यात तशी.”

वाडीतली चार बिऱ्हाडं जळाली होती. त्यांत मावशीचं एक. बाकीच्यांना धुरामुळं आणि वनखात्याच्या माणसांनी सांगितल्यामुळं खाली आणलं होतं.

वणवा लावला कुणी, यावर कार्यालयात दिवसभर कुजबुज चाले. जुनं गवत जाळलं की नवं चांगलं फुटतं, या समजुतीनं दरसाल कोणीतरी काडी लावतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ‘कोणीतरी’ म्हणजे नेहमी पलीकडच्या वाडीचा. माझा संशय वेगळाच होता, आणि तो मी सुभेदारांना बोलूनही दाखवला होता. पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यांना आणखी जागा हवी असणार, आणि जळालेल्या वाडीची जागा स्वस्तात मिळते. पुरावा काही नव्हता. पण पुरावा नसणं हाच मला त्या वेळी पुरावा वाटत होता.

दुपारी एक टेम्पो आला. पुढं फलक, मागं किटं. ब्लँकेट, पातेलं, तेल, तांदूळ. कुठली संस्था ते सांगत नाही. माणसं ओळीत उभी राहिली. किट घेण्याआधी एका छापील कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा होता. मी कागद घेतला आणि उलटा केला. मागं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की लाभार्थी आपलं नाव, फोटो आणि आधारची माहिती संस्थेला हव्या त्या कामासाठी कायमची वापरायला देत आहे.

मी स्टेजवर चढून ते मोठ्यानं वाचलं. ‘कायमची’ हा शब्द दोनदा वाचला. ओळ मोडली. टेम्पोबरोबर आलेला चष्मेवाला गृहस्थ म्हणाला, “ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे हो.”

“मग ती खोडा,” मी म्हणाले.

त्यानं फोन लावला, बराच वेळ बोलला आणि शेवटी किटं कागदाशिवाय वाटली. सुभेदारांनी मला मदतनिसांच्या वहीतून काढून वाडीच्या वहीत घातलं आणि म्हणाले, “पोरगी कामाची हाय.” मावशी शेजारणींकडं बघत होती, जणू मीच दावं तोडून म्हैस वाचवली होती.

ही शाबासकी मला चढली. त्याच संध्याकाळी मी मार्करनं पहिलं पत्रक लिहिलं. ‘वाचल्याशिवाय कुठंही अंगठा देऊ नका!’ खाली जागा सोडली आणि कुठली मदत कुठं मिळते ते दुसऱ्या दिवशी भरलं: पंचनामा तलाठ्याकडं, घराचा उतारा ग्रामपंचायतीत, रेशन कार्डाची दुसरी प्रत तहसीलला, मीटर जळाल्याचा अर्ज वीज कार्यालयात. ही माहिती मिळवायला मी तो अख्खा दिवस घालवला. कोणीच पूर्ण सांगत नव्हतं. ग्रामपंचायतीतला माणूस म्हणे आधी पंचनामा आणा. वीज कार्यालयातला म्हणे आधी उतारा आणा. प्रत्येक टेबलावर मला वाटत होतं, हा काहीतरी लपवतोय. बहुतेक जण लपवत नव्हते. त्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच.

झेरॉक्स काढून परत आले तेव्हा कळलं, मी नसताना तलाठी बाई येऊन गेल्या. त्या सकाळी कोतवालाला घेऊन वर जाऊन आल्या होत्या, जळालेल्या जागा बघितल्या होत्या, आणि मग खाली बसून एकेकाला विचारून पंचनामे लिहिले होते. बाकी तिघांनी सह्या केल्या होत्या.

“वाचलं का?” मी सुभेदारांना विचारलं. त्यांचंही घर जळालं होतं.

“तू काय म्हनलीस? अंगठा देऊ नका.” ते शांतपणे म्हणाले. “मी सही केली. सहीचं तू काय बोलली न्हाईस.”

मावशीला सही येते. दुसरीपर्यंत शिकलेली आहे आणि अंगठा लावायला सांगितलं तर रागावते. पण तिनं सहीही केली नव्हती. “म्हनलं, भाची वाचल्याबिगर न्हाई. तलाठीणबाई कागद ठेवून गेली. शनिवारपर्यंत द्या म्हनली, यादी वर जायची हाय.” तिनं घडी केलेला कागद चोळीतून काढला.

मी आधी मागची बाजू बघितली. कोरी. मग पुढची. जळालेल्या मालमत्तेचं वर्णन, या रकान्यात निळ्या शाईत स्वच्छ अक्षर होतं: ‘गोठा, एक. कौलारू.’

मी पुन्हा वाचलं. घर नाही. गोठा. गोठ्याला मिळते ती मदत नावापुरती. आणि त्याहून वाईट म्हणजे घरच जळालं नाही असं कागद म्हणाला, तर घर बांधायला मदत मागायची कशाच्या जोरावर? मावशी राहणार कुठं? मुलाच्या बदलीच्या गावी ती जाणार नाही, आमच्याकडं पलूसला ती दोन रात्रींच्या वर टिकत नाही. कार्यालयात रविवारी लग्न होतं. शनिवारी सगळ्यांना हलायचं होतं.

“मावशी, यांनी गोठा लिहिलाय.”

“व्हय?” ती एवढंच म्हणाली आणि पायाकडं बघत राहिली.

तिनं तेव्हाच आणखी दोन शब्द बोलायला हवे होते. आणि मी तिला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण मी कागद आणि मार्कर घेऊन बसले होते. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं: एकटी बाई, घरात पुरुष नाही, मुलगा लांब. तिच्या नावची मदत दुसऱ्याच कुणाच्या घराला दाखवायची. तलाठी बाई फोनवर सारख्या बाजूला जाऊन बोलतात, असं शेजारीण म्हणाली होती. झालं. वडिलांच्या छापखान्यात मी अशी शंभर पत्रकं वाचली होती आणि प्रत्येकात शेवटी असंच निघालं होतं.

दुसऱ्या पत्रकाचा मथळा होता, ‘विधवेचं घर गोठा कुणी केलं?’ खाली पाच सवाल, त्यांत एक बाजूला जाऊन चालणाऱ्या फोनचा. शेवटचा सवाल होता, ‘घराचा गोठा करून तिची मदत कुणाच्या पदरात टाकणार?’ मी खळ शिजवली आणि कार्यालयाच्या फाटकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि चावडीच्या दारावर पत्रकं डकवली. सुभेदार बघत उभे होते.

“पक्की खबर हाय का?”

“कागदावर लिहिलंय, काका.”

“फौजेत गोळी घालायच्या आदी इचारतात, कोन हाय. दोन डाव इचारतात.”

मी ऐकलं नाही.

शुक्रवारी सकाळी तलाठी बाई स्कूटीवरून आल्या. माझ्याच वयाच्या, फार तर दोन वर्षांनी मोठ्या. हातात माझं पत्रक, अर्धं फाटलेलं, कारण खळ चांगली बसली होती. त्यांनी स्कूटी स्टँडला लावली नाही, भिंतीला टेकवली, आणि सरळ स्टेजसमोर आल्या.

“हे कुणी लिहिलंय?”

“मी.”

“सही का नाही केली खाली? नाव लपवायला लाज वाटली नाही?”

हे लागलं. पत्रकाखाली नाव असतं, हे मला सगळ्यात आधी शिकवलेलं. रागाच्या भरात विसरले होते.

“तुम्ही घराला गोठा का लिहिलं?” मी विचारलं.

“मी?” त्या मावशीकडं वळल्या. “आज्जी, सांगा यांना. मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं?”

मावशीनं पदर सारखा केला.

“तिनं इचारलं, तुमचं काय जळालं. म्हनलं, आमचं कसलं काय, खोपट हुतं. म्हशीला टेकून निजायचं.”

“झालं?” तलाठी बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. आता त्यांचीही भाषा सुटली. “खोपट! आवं, मी आटपाडीची हाय. आमच्याकडं खोपट म्हंजी खोपटच. रानात जनावरं बांधायला नाहीतर राखणीला बसायला असतं ती. तुमी लोक सोताच्या घराला खोपट म्हनता, आन् मी तेच लिवलं की माझ्यावर पत्रक काढता व्हय?”

मागून कुणीतरी हसलं. मला मात्र हसता आलं नाही. कारण हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. डोंगरात कुणाच्याही दारात जा, माडीचं घर असलं तरी मालक म्हणणार, “या, आमच्या खोपटात या.” आपलं घर आपल्या तोंडानं घर म्हणणं, म्हणजे मिरवणं. दृष्ट लागते म्हणतात. मावशीच्या लग्नाआधी आमच्या आजोबांना तिच्या सासऱ्यांनीही असंच सांगितलं होतं, आणि आजोबा बघायला गेले तर चार खणांचं घर निघालं. हा किस्सा आमच्या घरी शंभरदा सांगून झालाय. तो मला त्या संध्याकाळी आठवला नाही. मागची बाजू शोधायच्या नादात समोर बसलेल्या बाईला विचारायचं राहून गेलं.

“पण तुम्ही वर गेला होतात ना?” मी तरी सोडत नव्हते. “डोळ्यांनी दिसलं नाही?”

“धुमसत होतं सगळं. कोतवालानं जवळ जाऊ दिलं नाही. लांबून खुंटे दिसले आणि कौलांचा ढीग. बाकीच्यांची माणसं सोबत होती, त्यांनी दाखवलं. यांचं कुणी नव्हतं.” मग म्हणाल्या, “आणि फोनवर मी बाजूला का बोलते ते पण लिहा पुढच्या पत्रकात. माझं पोर आठ महिन्यांचं आहे. सासू दर तासाला विचारते, कधी येतेस.”

सुभेदारांनी खुर्चीवरून फर्मान सोडलं. “चला. वर चला सगळे. मौका बघितल्याबिगर फैसला न्हाई.”

मावशीला चालता येत नव्हतं. कोणाची तरी जीप मिळाली. वाडीला पूर्वी पायवाटच होती. जीप जाते ती पवनचक्कीवाल्यांनी केलेल्या रस्त्यानं. मी ज्यांच्यावर संशय घेत होते त्यांच्याच रस्त्यानं मी वर चालले होते. सुभेदार पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाले, “रस्त्यावर पत्रक हाय का गं एखादं?” संशय अजूनही गेलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. फक्त आता पुराव्याची वाट बघते.

वर सगळं काळं होतं आणि विचित्र शांत. मावशीच्या जागेवर कौलांचा ढीग, अर्धवट जळालेलं आढं, एका कडेला म्हशीचे दोन खुंटे. लांबून बघणाऱ्याला गोठाच वाटावा. मावशी जीपमधून उतरली, एका पायावर उभी राहिली आणि बोट दाखवलं. “तितं. त्या कोपऱ्यात उकरा.”

मी आणि सुभेदार कौलं बाजूला करू लागलो. राख अजून कोमट होती. थोड्या वेळानं हाताला कठीण लागलं. चूल. शेजारी दुसऱ्या भांड्यासाठी वैल जोडलेली, मातीची, मावशीनं स्वतः घातलेली. पोतेऱ्यानं सारवलेली होती ती आता विटेसारखी लाल, खणखणीत भाजून निघाली होती. तिच्या पलीकडं जमिनीत पुरलेलं उखळ, आणि भिंतीच्या कोनाड्यात काळे पडलेले पितळेचे देव.

तलाठी बाई खाली बसल्या. चुलीवर हात ठेवला.

“गोठ्यात चूल नसते,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“न्हाई,” मावशी म्हणाली. “म्हशीला कुठं च्या लागतो.”

बाईंनी नकाशा काढायला कागद शोधला. वही स्कूटीच्या डिकीत राहिली होती. मग त्यांनी पर्समधून माझं फाटकं पत्रक काढलं, गुडघ्यावर पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या: इथं चूल, इथं उखळ, इथं देव, मधली भिंत, पलीकडं म्हैस. मी फोनवर प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला. नवा पंचनामा लिहायला आम्ही खाली आलो. लिहिताना त्यांनी पेन थांबवलं.

“आज्जी, तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय जळालं तुमचं?”

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलणार तोच सुभेदारांनी हात वर करून मला थांबवलं. कार्यालयातले सगळे कान देऊन होते. वाडीतल्या सगळ्यांसमोर तिला मिरवायला सांगितलं होतं, तिच्या हिशेबानं. बोलायच्या आधी तिनं दृष्ट लागू नये म्हणून डाव्या हातानं भुईला स्पर्श केला.

“घर,” ती म्हणाली. मग आणखी थोडं मोठ्यानं, “चार खणांचं घर हुतं माजं.”

बाईंनी लिहिलं. मी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला, प्रत्येक ओळ दोनदा वाचली, आणि फोटोही काढला. “अजून संशय आहेच का?” त्यांनी विचारलं. “तुमच्यावर नाही,” मी म्हणाले, “वरच्या टेबलावर.” त्या पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, “त्यांच्यावर मलाही आहे. पोचपावती घ्या. फोटो जपून ठेवा.”

मग मी बादली आणि काथ्या घेऊन भिंतींवरची पत्रकं खरवडून काढली. चावडीच्या दारावरचा मथळा काही निघेना. ‘गोठा कुणी केलं?’ एवढं तिथं राहिलंच. त्याच्या खाली मी मार्करनं लिहिलं, ‘माझी चूक होती’, आणि माझं पूर्ण नाव.

परत आले तेव्हा मावशी पंचनाम्यावर सही करत होती. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक अक्षर सुटं. शेवटची वेलांटी देऊन तिनं पेन परत केलं आणि सुटका झाल्यासारखी तलाठी बाईंना म्हणाली, “घर उभं ऱ्हायलं की बाळाला घिऊन या कवातरी. च्या प्यायला या आमच्या खोपटात.”

बाईंचा कागदाची घडी घालणारा हात तिथंच थांबला. “कुठं?”

“आगं बया, घरात!” मावशी ओरडली. “घरात, घरात! न्हाईतर पुन्हा लिवशील.”